शोकसंदेशावरचे त्रेचाळीस प्रतिसाद

‘ब्रेंडन कोरिया हा आपल्या अभ्यासकेंद्राचा अत्यंत अभ्यासू, मनमिळाऊ आणि प्रत्येक चर्चेत हिरिरीने भाग घेणारा विद्यार्थी होता. त्याच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही,’ असं टाइप करून परुळेकरांनी पूर्णविराम दिला आणि मग ब्रेंडन कोरिया कोण ते बघायला त्याचा प्रवेश अर्ज उघडला.

फोटोत चौकड्यांचा शर्ट, कपाळावर आलेले केस. वय सत्तावीस. राहणार चारकोप गाव. नोकरी विमानतळावर, सामान चढवण्या-उतरवण्याची. दूरशिक्षणाचं बी.ए., दुसरं वर्ष. परुळेकरांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकाहत्तर विद्यार्थ्यांपैकी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले फार तर दहा, आणि तेही ओळखपत्रातल्या चुका दुरुस्त करायला आलेले. सकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला होता. “परीक्षेचे मेसेज माझ्या नंबरावर येतात, ते बंद करा. पोरगा मंगळवारी गेला. हायवेवर, बाईकवरनं.” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला होता.

संदेश टाकायला दुसरी जागा नव्हती. फलक होता, पण फलक वाचायला केंद्रात कोणी येत नसे. म्हणून परुळेकरांनी तो विद्यापीठाच्या चर्चामंचावर टाकला आणि शनिवार-रविवार कणकवलीला भाच्याच्या साखरपुड्याला गेले.

सोमवारी त्यांनी मंच उघडला तेव्हा शोकसंदेशाखाली त्रेचाळीस प्रतिसाद होते.

पहिला अक्षता मयेकर हिचा. ‘आपला मुद्दा पटला. वेळ काढून लिहिलंत. तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं. मनापासून आभार. मात्र या विषयावर अजून चर्चा व्हायला हवी.’ दुसरा प्रांजलचा. आपला मुद्दा पटला, आणि पुढे तेच. तिसरा, चौथा, सोळावा. नितेश शिर्केने जरा कष्ट घेऊन ‘फायदे’ आणि ‘तोटे’ असे दोन रकाने आखले होते. फायद्यांचा रकाना त्याने रिकामा सोडला होता, एवढी त्याची जाण. एकाने विचारलं होतं, ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ त्याच्या प्रश्नाखाली सात जणांनी ‘लाइक’चा अंगठा टाकला होता.

“वाट लागली,” परुळेकर म्हणाले.

समोरच्या टेबलावर दर्शना हजेरीचे आकडे भरत होती. केंद्रात नोकरीला असलेली माणसं दोनच. परुळेकर समन्वयक आणि दर्शना बाकी सगळं.

“सर, समन्वयकाच्या नावाने काही पडलं की मंच त्याला आठवड्याचा विषय धरतो. प्रतिसाद सक्तीचा. मी तुम्हाला तेव्हाच बोलले होते.”

“मग काढून टाकू या.”

“काढू नका हं. त्रेचाळीस पोरांची हजेरी जाईल. आपण आत्ता एकसष्ट टक्क्यांवर आहोत. साठच्या खाली गेलेली केंद्रं बंद करणार आहेत, पत्र आलंय. नि पोरांना काय बोलणार? वाक्य तुमचंच आहे.”

ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी चर्चामंच सुरू झाला तेव्हा ‘चर्चा म्हणजे शिक्षणाचा आत्मा’ या शीर्षकाचं एक मार्गदर्शन पत्रक परुळेकरांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात प्रतिसाद कसा असावा याचा एक नमुना दिला होता. विद्यार्थ्यांनी तो नमुना न मानता फॉर्म मानला. दर आठवड्याला तो भरला जाई. विषय जागतिकीकरण असो की स्त्रीशिक्षण. दहा गुणांपैकी तीन ‘स्वतंत्र विचार’ या रकान्याचे होते. परुळेकर सगळ्यांना तीनपैकी तीन देत, कारण एक जरी कमी दिला तर त्याचं लेखी कारण जोडावं लागे.

शोकसंदेश राहिला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, एक बाई दारात येऊन उभी राहिली. काळ्या रंगाचा साधा फ्रॉक, हातात कापडी पिशवी, चप्पल दाराबाहेर काढलेली. केंद्रात कोणी चप्पल काढत नसे.

“परुळेकर सर तुम्हीच ना? मी ब्रेंडनची आई. पर्पेच्युआ.”

परुळेकर उठले. त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलल्या. ती बसली.

“तुमचं फार काम घेणार नाय. पुढच्या रविवारी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा हाय त्याची. आम्ही आठवणीचं कार्ड छापतो, फोटोवालं. खाली दोन ओळी टाकतात. सगळे तेच ते छापतात, देवाच्या पुस्तकातलं. मी त्याच्या बापाला बोलली, माझ्या पोराचं स्वतःचं काय तरी टाकू.” तिने पिशवीतून चष्मा काढला. “तर काय नाय सापडत. आताची पोरं कागदावर कुठं लिवतात? फोन होता, तो तर गाडीखाली गेला. मग मला आठवलं. पहाटेच्या ड्युटीवरनं यायचा नि ओट्याला टेकून फोनवर टकटक करायचा. मी बोलायची, कुणाशी बोलतो रे एवढं? तर बोलायचा, आई, कॉलेजात लिवतोय.”

दर्शना उठली आणि पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवून परत जागेवर बसली.

“ते इथं असेल ना?”

“असेल,” परुळेकर म्हणाले. “बघतो.”

त्यांनी ब्रेंडनचं नाव टाकलं. अकरा नोंदी. या नोंदींना त्यांनी दोनदा गुण दिले होते, पण उघडत होते आज पहिल्यांदा. पहिली उघडली. आपला मुद्दा पटला. दुसरी उघडली. मग घाईघाईने सहावी, नववी, अकरावी. एखाद्या आठवड्यात तरी पोराची ड्युटी लवकर सुटली असेल, रस्ता रिकामा मिळाला असेल, कोणाचा तरी राग आला असेल. अकरावीत ‘मनापासून’ हा शब्द राहून गेला होता. तेवढाच फरक.

“दाखवा ना.”

परुळेकरांनी पडदा तिच्याकडे वळवला. ती बोट धरून वाचत होती, ओठ हलवत. पहिली नोंद वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून बाहीने पुसला आणि परत घातला.

“तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं,” ती हळू म्हणाली. “घरात कधी थँक्यू बोलला नाय हो हा. पाण्याचा तांब्या दिला तर नुसता हात पुढं. नि इथं बघा. सगळ्यांचे आभार मानतोय.”

“हो.”

“परत परत तेच लिवलंय.”

“हो… त्याची पद्धत होती.”

दर्शनाच्या कीबोर्डचा आवाज बंद झाला.

“नि बाकीच्या पोरांना कळलं का? तो गेला ते?”

“कळलं ना,” दर्शना म्हणाली. “त्रेचाळीस जणांनी लि–” आणि परुळेकरांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. पण उशीर झाला होता.

“त्रेचाळीस?” पर्पेच्युआने खुर्ची पुढे ओढली. “बघू.”

परुळेकरांनी माऊस हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. नेट गेलंय म्हणावं असं त्यांच्या मनात आलं, पण पडद्याच्या कोपऱ्यात ते आहे असं दिसत होतं. त्यांनी शोकसंदेश उघडला.

तिने आधी त्यांचा मजकूर वाचला. “अभ्यासू नव्हता हो तो. बारावीला दोनदा बसला. पण तुम्ही लिवलंत, बरं वाटलं.” मग ती खाली गेली. अक्षता. प्रांजल. आणखी एक, आणखी एक. तिचं बोट पडद्यावर सरकत होतं आणि परुळेकर पेपरवेट फिरवत होते. नितेशच्या रकान्यांपाशी बोट थांबलं. तिथे तिला काही उमगलं नाही, ती पुढे गेली. तिसाव्या प्रतिसादाला तिने हात खाली घेतला.

“सगळ्यांनी त्याचंच वाक्य लिवलंय,” ती म्हणाली.

परुळेकरांनी पेपरवेट खाली ठेवला.

“आमच्यात क्रूसाजवळ रोजरी असते ना, तसं. एक जण बोलतो नि मागनं सगळे तेच बोलतात.” ती आता रडत होती, पण आवाज तसाच होता. “मला वाटायचं त्याला कोण मित्रच नाय. ड्युटी नि घर, ड्युटी नि घर.”

“मावशी,” दर्शना उठली, “ते वाक्य मुळात सरांच्या–”

“दर्शना, प्रिंट काढ. दोन प्रती.”

दर्शना त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने प्रिंटर सुरू केला. तो गरम व्हायला वेळ लागला.

“कार्डावर अख्खं नको,” पर्पेच्युआ म्हणाली. “ते मुद्दा पटला, अजून चर्चा व्हायला हवी, ते नाय शोभणार. मधलं तेवढं. शिकायला मिळालं, आभार. प्रेसवाला हिंदीवाला हाय, चुका करतो. तुम्ही मोठ्या अक्षरात लिवून द्याल?”

परुळेकरांनी कोरा कागद घेतला. वाक्य बघायला त्यांना पडद्याकडे वळावं लागलं नाही.

“तुमचं अक्षर झकास हाय,” ती म्हणाली. कागदाची घडी न करता तिने तो प्रिंटांच्या मध्ये ठेवला. दाराबाहेर चप्पल घालताना पुन्हा आत डोकावली. “त्या पोरांना सांगा हां, त्याच्या आईने वाचलं सगळं.”

ती गेल्यावर दर्शना म्हणाली, “काय टाकू सर? मंचावर?”

“काही टाकू नकोस.”

“नाही, बाई बोलल्या सांगा म्हणून.”

“टाकलंस तर त्यालाही प्रतिसाद येतील.”

मिस्सेनंतर चार दिवसांनी ब्रेंडनचे वडील क्लेमेंट येऊन एक कार्ड देऊन गेले. बसले नाहीत. अर्जातलाच फोटो, चौकड्यांचा शर्ट, दोन तारखा, आणि खाली: ‘तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं. मनापासून आभार. – ब्रेंडन.’ छपाईत एकही चूक नव्हती. दर्शनाने ते वाचलं, मागून कोरं आहे का पाहिलं आणि परुळेकरांच्या टेबलाच्या काचेखाली, त्यांच्या अगदी समोर, सरकवलं.

केंद्र साठ टक्क्यांच्या वर राहिलं. चर्चामंच सत्रअखेरीस नेहमीप्रमाणे पुसला गेला. जूनमध्ये निकाल आला. कोरिया, ब्रेंडन क्लेमेंट. चर्चा सहभाग: दहापैकी दहा. पैकी स्वतंत्र विचार: तीनपैकी तीन. लेखी परीक्षा: गैरहजर. अनुत्तीर्ण.