पिंपावरची पितळी पट्टी

रघुपतीरावांच्या आयुष्यात सगळं नियमात बसत होतं, फक्त सासऱ्यांचं तेप्पम बसत नव्हतं. तेप्पम म्हणजे देवाचा तराफा. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीचं एक लहानसं तळं आहे. वर्षातून एकदा थंडीच्या दिवसांत तिथे तराफा बांधायचा, त्यावर देव बसवून संध्याकाळी तीन फेऱ्या काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो मोडायचा. फळ्या देवळाच्या माळ्यावर जात, आणि खाली बांधलेली तेलाची रिकामी पिंपं तेलवाल्या चेट्टियारांच्या दुकानात परत.

अठ्ठावन्न साली कुठल्याशा नदीत नाव उलटली आणि हुकूम निघाला की माणसं बसतील त्या प्रत्येक नावेच्या अंगावर नंबराची पितळी पट्टी पक्की बसवलेली हवी. त्या कामाचे इन्स्पेक्टर रघुपतीराव. कोळ्ळिडम नदीवरच्या नावा उरकून ते सासऱ्यांकडे वळले. सासरे वैद्यनाथराव तेप्पमचे वहिवाटदार. ते म्हणाले, देवाच्या फळीला खिळा लावत नाहीत, सगळं काथ्यानं बांधायची आपली रीत आहे. जावई म्हणाले, दोरीनं बांधलेली पट्टी चालत नाही. बरीच हुज्जत झाल्यावर पट्टी एका पिंपाला झाळून बसवली. ती इतकी पक्की बसली की दोघंही खूष झाले. पिंप उद्या दुकानात परत जाणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दोन हुशार माणसं एकत्र आली की हे असं होतं.

पुढच्या वर्षी पट्टी शोधायची वेळ आली. चेट्टियारांनी हात वर केले, पिंपं केव्हाच विकली होती. नवा नंबर मिळायला महिना लागणार, आणि नंबर नसेल तर तेप्पम पाण्यात जाणार नाही, असं रघुपतीरावांनी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं. पण मनातून ते शरमले होते. रोज कचेरी सुटल्यावर ते हॉटेलांची मागची दारं, रंगाऱ्यांचे वाडे, लग्नघरं पालथी घालत. घामाघूम होऊन घरी येत आणि जेवताना बायकोपाशी चेट्टियारांच्या नावानं बोटं मोडत.

बायको राजम मुकाट्यानं तूप वाढी. पिंप रघुपतीरावांच्या पाठीमागेच होतं.

गेल्या वर्षी तिनंच ते चेट्टियारांकडच्या नोकराकडून घेतलं होतं. तिचे अप्पा, म्हणजे वैद्यनाथराव, देवाशेजारी बसले होते ते नेमकं त्या पिंपावरच्या कोपऱ्यात. स्वयंपाकघरात तिनं ते उभं केलं, वर लोणच्याच्या बरण्या मांडल्या, आणि दर शुक्रवारी ती पट्टीला कुंकू लावू लागली. आपल्या ताटापलीकडे स्वयंपाकघरात काय असतं हे रघुपतीरावांनी कधी पाहिलं नव्हतं. यंदा मात्र अप्पांची छाती बिघडली. संध्याकाळच्या गारठ्यात पाण्यावर बसलात तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेप्पम निघालं तर अप्पा बसणार, हे सगळी गल्ली जाणत होती. तेव्हा राजमनं पट्टी भिंतीकडे फिरवली आणि पिंपावर जुनी साडी टाकली. मला तिचा राग येत नाही. देवाला एक वर्ष थांबता येतं.

उत्सवाच्या दिवशी दुपारी वैद्यनाथराव लेकीकडे जेवायला आले. गल्लीत तोरण नव्हतं, त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. दहीभात कालवता कालवता त्यांची नजर साडीच्या काठाखाली गेली. पिंपाच्या कडेला काथ्याचा एक तुकडा राहिला होता. त्याची गाठ त्यांची स्वतःची होती. जावई हात धुवायला मागे गेल्यावर ते हळूच बोलले.

"राजमा, बरण्या खालीं उतरव."

"अप्पा, डॉक्टर काय म्हणाले तें ऐकलांत कीं."

"ऐकलों. पण देवाला अडवून वांचलों, तें मज नको."

राजम रडली. मग एकेक करून तिनं बरण्या उतरवल्या.

गल्लीनं घाईघाईनं तराफा बांधला, आणि संध्याकाळी रघुपतीराव तपासणीला तळ्याच्या पायरीवर उतरले. पिंप जागेवर बांधलेलं होतं, पट्टी पाण्याच्या वर होती, पण वर्षभराच्या कुंकवाचा थर बसून नंबर दिसत नव्हता. नंबर वाचता आला पाहिजे असा नियम होता. ते कुंकू कुणाचं हे त्यांना एव्हाना कळलं होतं. त्यांनी काठावर उभ्या राजमकडे पाहिलं. मग कुंकू न पुसता एकेक आकडा बोटानं चाचपला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सोडा."

तीन फेऱ्या झाल्या. वैद्यनाथराव थरथरत उतरले, चेहरा मात्र इतका समाधानी होता की डॉक्टरांनाही रागावता आलं नाही. महिना संपायच्या आत ते गेले.

पुढच्या वर्षी कुणी मागायच्या आधीच राजमनं पिंप दारात आणून ठेवलं. चिंचेनं घासून पट्टी लख्ख केली होती, आकडे रस्त्यावरून वाचता येत होते. रघुपतीराव पिंप उचलायला वाकले आणि थांबले.

"कुंकू कां काढलीस?"

"आतां दिसूं दे," राजम म्हणाली.