रडकीचं शून्य

पुलाच्या तुळईखालच्या एका सेन्सरचं नाव सगळ्यांनी रडकी ठेवलं होतं. भेगेच्या दोन्ही कडांना चिकटवलेली ही बोटभर पट्टी भेग किती उघडली ते सांगायची. मागे तिची वायर सैल होती, तेव्हा तिनं विनाकारण दोनदा पूल बंद पाडला. तेव्हापासून तिच्या बोलण्याला कुणी भीक घालत नव्हतं.

आज सकाळी तिनं पुलाच्या तोंडाशी असलेला वाहतुकीचा दिवा पुन्हा लाल केला.

देखरेखीवरच्या इंजिनिअर पोरीनं आधी वायरच पाहिली. घट्ट होती. मग तिनं शेजारी दुसरी पट्टी चिकटवली. ट्रक गेला की भेग उघडते आणि मागोमाग मिटते, हे तिला पाठ होतं. आता पूल रिकामा होता, तरी भेग मिटेना. उलट दोन्ही पट्ट्यांचे आकडे एका चालीनं वर सरकत होते.

ती पुलाजवळच्या देखरेखीच्या खोलीत परतली, तोच साहेब आले. ते तिचे सख्खे मामा. पण ऑफिसात साहेब, घरी मामा, हा नियम तिनंच घालून घेतला होता.

"शून्य कर तिला," ते म्हणाले.

शून्य करायचं म्हणजे आहे ती भेग नवी सुरुवात मानायची. दुरुस्तीनंतर तशी पद्धतच होती. शून्य केलं की दिवा आपोआप हिरवा.

"दुरुस्ती कुठे झालीय, साहेब?"

"अगं, रडकी ती. तिचं किती मनावर घ्यायचं? ट्रकची रांग पार बाजारापर्यंत गेलीय. वरून फोनवर फोन."

"नवी पट्टीही तेच सांगतेय."

"शेजारणीचं बघून शिकली असेल."

"मी शून्य करणार नाही."

"मग मी करतो. उद्यापासून तुझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल."

"बसू दे," म्हणत तिनं पर्स उचलली.

ती गाडी घेऊन पुलाच्या तोंडाशी पोचते तोच दिवा हिरवा झाला. तिनं गाडी रस्त्यात आडवी घातली, बंद केली, किल्ली खिशात टाकली.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. "ताई, दिवा हिरवाय."

"खोटाय तो, दादा. खाली जाऊन भेग बघून या."

तो गेला, परत आला आणि मुकाट्यानं ट्रकचं इंजिन बंद केलं. तोवर साहेब धापा टाकत पोचले.

"गाडी काढ."

"बिघडलीय."

"काय झालं तिला?"

"कोण जाणे. शून्य करून बघा, चालू होते का."

ड्रायव्हर फिसकन हसला. साहेबांचे कान लाल झाले.

"तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, पोरगी पुलावर अडून बसलीय. आणि मामा..." ऑफिसच्या वेळेत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. "पहिली गाडी तुमची न्या. मी माझी लगेच बाजूला घेते."

मामांनी रिकाम्या पुलाकडे पाहिलं. किल्लीसाठी खिशात गेलेला हात तिथेच राहिला.

"तुळईला टेकू लावणाऱ्यांना फोन लाव," ते अखेर म्हणाले.

"सकाळीच लावलाय. तुमच्या होकारासाठी थांबलेत."

"बोलाव त्यांना. आणि दिवा लाल कर."

"शून्य तुम्ही केलंय, तुम्हीच फिरवा. रडकीला तिचा जुना आकडा परत द्या."

ते काहीतरी पुटपुटत खोलीकडे वळले. दिवा लाल होईपर्यंत तिनं किल्ली खिशातून काढली नाही.