पेटी अडकली होती तोवर

माझ्या बिबट्याची गोष्ट मुलुंडच्या आमच्या गल्लीत एकालाही खरी वाटत नाही. आरे कॉलनीच्या रस्त्यानं मी सव्वीस वर्षं बस चालवली. एका पहाटे धुक्यात बिबट्या मागच्या दारानं चढला, बायकांच्या सीटवर बसला आणि दोन स्टॉप पुढं गोठ्यांपाशी उतरला. तिकीट काढलं नाही, एवढंच त्याचं चुकलं. लोक हसतात. हसू देत. पण त्या रविवारी मी घरच्या चार माणसांसमोर खरं बोललो आणि चौघांनीही ते बिबट्याच्या खात्यात टाकलं. तोंडाला कोरड पडणं म्हणजे काय, ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी धाकट्या बहिणीकडे, नलिनीकडे राहतोय. तिचं घर गल्लीच्या शेवटी, डोंगराच्या पायथ्याशी. दारापासून फाटकापर्यंत सिमेंटचा उतार आहे. पिशवीतून बटाटा पडला तर तो फाटकाबाहेर नाल्यातच शोधावा लागतो. त्या उतारावर, तोंड घराकडे आणि पाठ फाटकाकडे करून, माझ्या भाच्याची गाडी उभी होती. भाचा सुशांत विम्याच्या ऑफिसात अपघाताचे क्लेम तपासतो. आठवडाभर मोडलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि रविवारी स्वतःची गाडी मोडायची, असा त्याचा छंद. लिलावातून आणलेली जुनी मिलिटरीची गाडी, चारही चाकं ओढणारी. तिच्यातून गावी कणकवलीला जायचं, हे त्याचं दोन वर्षांचं स्वप्न होतं.

स्वप्न एका पेटीपाशी अडलं होतं. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक लोखंडी पेटी असते. इंजिनाची ताकद ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. ट्रान्सफर केस म्हणतात तिला. आमच्या घरात सगळे पेटीच म्हणायचे. ही पेटी तेल गाळत होती आणि चालताना रेडकासारखी ओरडत होती. गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि समोर आलेला चहा न पिताच गेला. तेव्हा सुशांत म्हणाला, "मीच काढतो. बारा तर बोल्ट आहेत."

सकाळी काम सुरू करण्याआधी माझे मेहुणे, सुशांतचे वडील काशीराम यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणातली ही रीत. विहीर खणा नाहीतर लग्न काढा, आधी राखणदाराला हात जोडून सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. काशीरामांना कमी ऐकू येतं, म्हणून देवालाही कमी ऐकू येतं असं धरून ते बोलतात.

"बारा वाडीच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान पेटी काढूक घेतल्यान हा. जा अडाकला हा, ता सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आम्ही सगळे डोळे मिटून उभे होतो. मग नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. तेवढ्यात शेगडीवरची ज्योत पिवळी होऊन विझली. गॅस संपला. नवा सिलिंडर दुपारपर्यंत येईल असा मेसेज सुशांतच्या फोनवर आला होता, तेव्हा नलिनी दिवसभर कान फाटकाकडे लावून बसली. आमच्या भागातला गॅसवाला एक हाक मारतो, मोबाईलवर आलेला नंबर मागतो आणि नंबर नाही मिळाला तर सिलिंडर घेऊन चालू लागतो.

अकराच्या सुमारास माझ्याकडून एक पाप घडलं. सुशांत जुन्या कपाटाच्या दाराला चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली गेला होता. बाहेर फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मी व्हरांड्यातल्या खुर्चीतून ओरडलो, "सुशांत, गाडी सरकली रे!"

तो असा बाहेर आला की कपाळ गाडीच्या कडेवर आपटलं. मोठं टेंगूळ. मी हसलो. त्याची बायको श्वेता टॉर्च धरून बाजूला उकिडवी बसली होती, तीही हसली.

"मामा, परत असं केलंस ना, तर तुझी काठी जंगलात फेकून देईन," सुशांत कपाळ चोळत म्हणाला.

"बिबट्या आणून देईल," मी म्हणालो.

दुपारी तीनपर्यंत बाराच्या बारा बोल्ट वाटीत आले होते. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवून भिंतीशी ठेवला होता. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा मात्र जागेवरच होता. त्याचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. सुशांतनं ठरवलं, पेटी मागं ओढली की तो आपोआप खोबणीतून निसटेल. पेटी खालून जॅकवर तोललेली. फक्त ती मागं येत नव्हती. तेल सोडलं, ठोकलं, पहार घालून रेटलं. शिव्या घातल्या. हलली नाही.

"काय चिकटलीय यार! बहिणीकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्यासारखी," सुशांत खालून म्हणाला.

"ऐकतोय मी," मी म्हणालो, आणि सहज मान वळवली.

तुळशीपाशी एक काळा दगड होता. वर हळद, कुंकू, जास्वंदीचं फूल. बाजूला खोबऱ्याचा तुकडा. असा दगड काल तिथं नव्हता. मी तो आधी कुठं पाहिला होता ते आठवायला मला दोन श्वास लागले.

दोन आठवडे तो गाडीच्या मागच्या चाकाला लावलेला होता.

सकाळी नारळ फोडायला दगड हवा होता. आम्ही डोळे मिटून होकार भरत होतो तेव्हा नलिनीनं हाताशी आला तो दगड उचलला. नारळ फुटला आणि दगड देवाचा झाला. देवाचा दगड परत चाकाखाली कोण घालणार? तिनं तो धुतला, पुजला आणि तुळशीपाशी ठेवला.

आता मला जे कळलं ते सांगतो. असल्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो त्या पेटीच्याच शेपटीवर असतो. पेटीला धरतो आणि पेटी दांड्यातून चाकांना धरते. मागचा दांडा तर निघालाच होता. म्हणजे ती सगळी गाडी, दीड टन लोखंड, त्या उतारावर एका पुढच्या दांड्यावर आणि एका गंजलेल्या पेटीवर उभी होती. पेटी अडकली होती, म्हणूनच गाडीही अडकली होती. आणि सुशांत तिच्याखाली झोपून, अंगातला सगळा जोर लावून, ती पेटी सोडवत होता.

मागच्या चाकापासून दोन बोटांवर नारळाची एक करवंटी उपडी पडली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. आतून ठोका ऐकू आला. ठण्ण. दोन बोटांचं एक बोट झालं.

"सुशांत," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. परत म्हणालो, "सुशांत, बाहेर ये. गाडी सरकतेय."

गाडीखालून हसू आलं. "सकाळचं सरकून झालं ना मामा? आता काय, बिबट्या ढकलतोय?"

"मस्करी नाही रे. चाकाचा दगड काढलाय. तो बघ, तिकडं तुळशीपाशी आहे!"

"हँडब्रेक ओढलाय मी. गाडी गिअरमध्ये आहे."

"हँडब्रेक पेटीवर असतो, गाढवा! पेटी सुटली की..."

"मामा, थोडं हळू. हलायला लागलीय ती."

श्वेता माझ्याकडे बघून हसली. "मामा, तुम्ही नाटकात का नाही गेलात हो? घाम पण येतो तुम्हाला हवा तेव्हा!"

ठण्ण. करवंटी चाकाला टेकली.

मी काठी घेतली आणि उठायला गेलो. नवा खुबा इतक्या घाईनं उठायला शिकलेला नाही. मी परत खुर्चीत बसलो. "नले! तो दगड आण, चाकाखाली लाव. आत्ता!"

नलिनी दारात आली. दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दादा, तुका काय अक्कल आसा? देवाचो दगड तो. त्येका टायराखाली घालू?"

"अगं, पोर जाईल!"

"असा अभद्र बोलू नको. तुझी ती सवय जावची नाय!" आणि ती आत गेली.

काशीराम शेजारीच बसले होते. मी त्यांच्या कानाशी ओरडलो. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."

करवंटीला बारीक तडा गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. रात्री पापड मोडला तरी मी दचकतो.

मी जितका ओरडत होतो तितकं ते सगळं माझ्या जुन्या गोष्टींसारखं ऐकू येत होतं, हे मला कळत होतं. माझे डोळे मोठे झाले होते, हात थरथरत होते. बिबट्याची गोष्ट सांगतानाही मी हेच करतो. आयुष्यभर मी भीतीची नक्कल करत आलो, आणि आता खरी आली तर तिला दाखवायला माझ्याकडे वेगळा चेहराच शिल्लक नव्हता.

चाकाजवळ जायला चौदा पावलं. मला प्रत्येक पावलाला वेळ लागतो. आणि गेलो असतो तरी काठी घालून काय अडवणार होतो?

"आली रे आली," सुशांत खालून म्हणाला. त्याचा आवाज खुशीत होता. "श्वेता, टॉर्च अजून आत. शेवटचं एकदा रेटतो."

श्वेतानंही हात गाडीखाली घातला. त्यामागून खांदा गेला.

तेव्हा मी डोळे मिटले आणि खुर्चीत मागं टेकलो. पेपर उचलून मांडीवर घेतला. आणि कंटाळलेल्या, चहा न मिळालेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणालो, "सुशांत, गॅसवाला आलाय खाली. नंबर मागतोय."

गाडीखाली सगळं थांबलं.

"आत्ता?" सुशांत म्हणाला. "श्वेता, घे ना माझा फोन."

"कुठाय?"

"माझ्या मागच्या खिशात. त्याच्यावरच झोपलोय ना मी. थांबायला सांग त्याला, एक मिनिट. एवढं रेटतो..."

मी पेपरचं पान उलटलं. पान उलटताना हात थरथरू नये म्हणून कोपर मांडीवर दाबून धरलं. "चाललाय तो," मी म्हणालो. "सायकल वळवली त्यानं. जाऊ दे, उद्या येईल."

आणि मग माझी बहीण धावली. देवानं तिला आवाज दिलाय तो त्या क्षणासाठीच असावा.

"मेल्या, भायर ये!" ती स्वयंपाकघरातून गरजली. "सकाळपासना चूल थंड हा! तो गेलो तर तुझी पेटी मी शिजवन तुका वाढतलंय! श्वेता, ओढ गो त्येका, पाय धरून ओढ!"

श्वेतानं टॉर्च टाकला आणि हसत हसत नवऱ्याच्या घोट्यांना धरून ओढलं. फळीची चाकं कुरकुरली. आधी गुडघे, मग पोट, मग काळ्या तेलानं माखलेले हात, मग ते टेंगूळ. सुशांत उठून बसला, बाजूला झाला, शर्टाला अंगठा पुसला आणि फोन उघडायला लागला.

"कुठाय गॅसवा..."

खण्ण झालं. कुणी हात लावला नव्हता. एवढे तास रेटून रेटून सैल झालेली पेटी स्वतःच्याच वजनानं मागं घसरली, जॅकवरून कलंडली आणि सिमेंटवर आदळली. लोखंडी दांडा खोबणीतून निसटल्याचा एक लांब, ओला आवाज आला. करवंटीचा चुरा झाला. आणि गाडी निघाली.

अगदी हळू निघाली. हेच सगळ्यात वाईट होतं. कुणीतरी आत बसून आरामात रिव्हर्स घेतोय, असं वाटावं इतकी हळू. पुढचं चाक सुशांतच्या फळीवर चढलं, नेमकं जिथं त्याची छाती होती तिथं, आणि कपाटाचं ते दार सुक्या बोंबलासारखं मोडलं. टॉर्च फुटला. मग गाडीनं वेग घेतला, फाटकाचा एक खांब घेतला, रस्ता ओलांडला आणि नाल्याच्या कठड्याला पाठ लावून थांबली. सुदैवानं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

उतारावर फक्त पेटी पडून होती, तेल गाळत.

श्वेता मोडलेल्या फळीकडे बघत होती. आपला उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. सुशांतच्या हातातला फोन उघडला होता, पडदा उजळला होता. त्यानं फाटकाकडे पाहिलं. गॅसवाला नव्हता. सायकल नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवरचा पेपर उलटा होता.

"मामा," तो म्हणाला. व्हरांड्याच्या पायरीवर येऊन माझ्या चपलांपाशी बसला, आणि त्याचे दात वाजायला लागले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

काशीराम हात जोडून उभे राहिले. "म्हाराजान आयकला," ते म्हणाले. "अडाकला होता ता सोडवल्यान."

त्यावर कुणी होकार भरला नाही.

नलिनी दारातून बाहेर आली. हातात रिकामी परात होती, ती तिनं खाली ठेवली. तुळशीपाशी गेली. फूल काढून कुंडीत ठेवलं. मग तो दगड हळद-कुंकवासकट दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला आणि साठी उलटलेली माझी बहीण तो उतार उतरून, मोडकं फाटक ओलांडून, रस्त्यापलीकडे गेली. गाडी कठड्याला टेकून मेल्यासारखी उभी होती. आता ती कुठंही जाणार नव्हती. तरी नलिनी वाकली, दगड चाकाला नीट लावला, पायानं दाबून पाहिला, आणि मग पाय लागला म्हणून त्याला नमस्कार केला.

परत आली तेव्हा ती माझ्यासमोर थांबली.

"दादा," ती म्हणाली, "गॅसवालो इल्लोच नाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं पदरानं हाताला लागलेलं कुंकू पुसलं. मग खाली बसली, लहानपणी बसायची तशी, माझ्या गुडघ्याला टेकून. "आता तो बिबट्यो सांग," ती म्हणाली. "सगळो सांग. मी आयकतंय."

मी तोंड उघडलं, पण त्या दिवशी मला तो सांगता आला नाही.