संकटकाळचे दार

मी एक जुनी बस आहे. मित्रांनो, बेचाळीस आसने, पुढे एक दार, चालकाचे एक आणि मागच्या काचेखाली तिसरे, फक्त संकटात उघडायचे. सांगाडा जोडणाऱ्या मिस्त्रीने ते दहा वेळा उघडून पाहिले, मगच मला कारखान्याबाहेर सोडले.

अकरा वर्षे मी गिरणीचे कामगार वाहिले. मग एका फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांनी मला घेतले. त्यांच्यातल्या रंगाऱ्याने मला निळा-पिवळा रंग दिला, तोही तीन हात. एकदा परगावी दगडफेक झाली, तेव्हा त्यांनी खिडक्यांना गज आणि पुढच्या-मागच्या काचांना जाळी बसवली. सगळे मला ‘वाघीण’ म्हणू लागले. मी हुरळून गेले. पिंजरा वाघिणीसाठीच असतो, हे तेव्हा सुचले नाही.

त्या बुधवारचा सामना सात तासांच्या वाटेवर होता. कामाचा दिवस, त्यामुळे रजेसाठी निम्म्या गावाचे दात एकदम दुखू लागले होते! पहिल्या आसनावर ढोल घेऊन बाई बसल्या. त्या निवृत्त शिक्षिका. आमचा गोलरक्षक त्यांचा धाकटा भाऊ. त्याचा तो शेवटचा सामना होता.

भर दुपारी लांब बोगद्यात पुढे एक टँकर आडवा झाला. क्रेनला वाट हवी म्हणून चालककाकांनी मला भिंतीला चिकटवून उभे केले. उजवीकडे एक मालट्रक अगदी खेटून थांबला. माझी दोन्ही दारे अडली. पुढच्या-मागच्या गाड्यांचा धूर साचू लागला. गाणी थांबली.

तासाभराने बाईंचा दमा उसळला. त्यांनी पंप दोनदा ओढला आणि तो संपला.

“मागचं दार उघडा!” काका ओरडले.

रंगाऱ्याने कडी ओढली. दार हलले नाही. त्याने बोटाने फट चाचपली आणि त्याचा चेहरा पडला.

“काका, मीच रंगवलंय. फटीसकट. बिजागऱ्यासुद्धा.”

“आणि मी सहा वर्षं एकदाही उघडून बघितलं नाही,” काका म्हणाले. “रडायचं नंतर. पान्हा घे.”

माझ्याच पोटात माझी माणसे गुदमरत होती आणि मला बोटभरही हलता येत नव्हते. रंगारी पान्ह्याच्या टोकाने रंग खरवडत होता. त्याची नखे फुटली. बाईंचे ओठ निळसर दिसू लागले. तरी त्यांनी ढोलावर थाप मारली. एक. पुन्हा एक. त्या थापेवर सगळ्यांनी खांदे लावले. सातव्या थापेला बिजागरी कर्रकन् तुटली आणि दार उघडले.

त्यांनी संघाचा मोठा झेंडा पसरला, त्यात बाईंना घातले आणि चौघांनी चार टोके धरून बोगद्याच्या तोंडाकडे धाव घेतली. मी तिथेच राहिले. त्या जगल्या की नाही, हे मला तीन तास कळले नाही. तितका लांब प्रवास मी कधी केला नव्हता.

संध्याकाळी वाट मोकळी झाली. मी बाहेर पडले, तर रस्त्याकडेच्या दगडावर बाई बसल्या होत्या. शेजारी रुग्णवाहिका होती, त्यांच्या नाकाला नळी. त्यांनी ती बाजूला करून विचारले, “काय झालं रे सामन्याचं?”

“तीन-शून्य. हरलो,” रंगारी फोन बघून म्हणाला आणि हुंदके देऊ लागला.

“गप रे. तीन गोल खाल्ले त्यानं? बरं झालं, बघायला नव्हते. घरी आला की कानच धरते!”

आता मी वापरात नाही. गॅरेजच्या आवारात दोन मोडक्या ट्रकांमध्ये दाटीने उभी आहे. पाठीराख्यांकडे नवी बस आहे. परवा ती शेजारी थांबली, तेव्हा तिच्या मागच्या दाराला टेकवून खुर्च्यांची चळत रचलेली दिसली. मी किती हाका मारल्या! पण बसची हाक कोणाला ऐकू येते?

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. आम्हाला रंग नको, टोपणनाव नको. बसमध्ये चढलात की मागचे दार उघडते का, एवढे विचारा. चालक वैतागेल, सोबतचे हसतील. तरी ते उघडून दाखवेपर्यंत खाली बसू नका.