मास्तरांच्या चेहऱ्याचं फिटिंग

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गेलं वर्षभर त्यांना एका सुईच्या दोन सुया दिसत होत्या. डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. दुर्मिळ जातीचा, गोगलगायीच्या चालीने वाढणारा. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. दोन दिवस थोडे थोडे किरण देऊ. बहुतेकांची गाठ विरते." मास्तरांनी 'बहुतेकांची' तेवढंच ऐकलं. डोळा गेला तर कात्री कायमची खाली ठेवायची, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

किरणांच्या खोलीतली तंत्रज्ञ त्यांच्या लेकीच्या वयाची, अंगात उसना वाटावा असा ढगळ पांढरा कोट. तिने जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ केलं नि मास्तरांच्या तोंडावर ताणून बसवलं. गार होताच त्याचा चेहऱ्याबरहुकूम मुखवटा झाला.

"डोकं जरा हललं तरी किरण भलतीकडे जातील, म्हणून हा," ती म्हणाली. मग हनुवटीपाशी वाकून बघितलं. "छे! फट राहिली. दुसरा करू."

तिने मुखवटा काढला तसे मास्तर वैतागले. "अहो, एवढ्याशा फटीने काय होतंय? चालेल की!"

बायको दारातून फिस्सकन हसली. "ऐका! तीस वर्षं गिऱ्हाइकं हेच म्हणतायत, आणि तुम्ही शिवलेलं उसवताय!"

पोरीने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, कपाळावर एक आठी न आणता. दुसरा मुखवटा असा चपखल बसला की मास्तर मनात म्हणाले, वा गं पोरी! आपल्याच पंथातली निघालीस.

दोन दिवस, काही मिनिटं. दुखलं नाही की खुपलं नाही. तीन महिन्यांनी तपासणी झाली, गाठ दिसेना. मास्तर पिशवी घेऊन थेट त्या पोरीकडे गेले, मागोमाग बायको. पिशवीत नवाकोरा पांढरा कोट.

"अगंबाई! माप कधी घेतलंत?"

"तुम्ही माझं घेत होतात तेव्हा. दोन दोन दिसत होतात, म्हणून एक डोळा मिटून घेतलं."

कोट अंगावर चढला. खांदे झकास, पण उजवी बाही बोटभर लांब.

"राहू दे हो, चालेल," ती म्हणाली.

"चालेल? काढा तो आधी!"

मास्तर तिथेच बाकावर बसले. बाही उसवली. खिशातून सुई काढली आणि दोरा पहिल्याच झटक्यात ओवला. ते बघून बायको तोंड फिरवून हमसून हमसून रडली.

"आता काय झालं रडायला?" मास्तर खेकसले. "उजेडातून बाजूला हो बघू."