आबांना हितं कोन न्हाई

आमच्या आबांना हितं कोन न्हाई, हे मला दवंडीतनं कळलं. अन् मी त्यांची सख्खी लेक, छबू, तवा दारात त्यांचंच धोतर वाळत घालत हुते!

आबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर हुते. नोकरी सरली, मागोमाग आई गेली, तवा मीच त्यांना आमच्या वाडीवर आनलं. खर्ड्याच्या अलीकडं, माळावर हाय आमची वाडी. माझा भाऊ गहिनीनाथ विलायतेत डाक्टर. या दुष्काळात त्याच्या मनानं घेतलं, की आबांनी म्हातारपन तिकडंच काढावं.

तिकडं राहायच्या तीन वाटा त्यानं पत्रात लिहिल्या हुत्या. मी भाकरी थापत हुते अन् आबा वाचून दाखवत हुते. पहिली पाहुन्याची. सहा महिने राहा अन् गपगुमान माघारी या. "येवढा समुद्र वलांडून पाहुनचार खाऊन यायचं व्हय?" आबा म्हनाले. दुसरी पैसेवाल्याची. तिकडं हात न हलवता जलमभर बसून खाता येईल, येवढी इस्टेट पाहिजे.

"तुमची इस्टेट म्हंजी येक छत्री अन् येक चष्मा," मी म्हनले. हसले बिचारे.

तिसरी निराधाराची. मायदेशात संबाळनारं जवळचं कोन न्हाई, सगळा भार तिकडच्या लेकावर, असा दाखला दिला की कायमचं राहता येतंय. हे वाचताना आबांचा आवाज बारीक झाला.

"मग मी कोन?" मी इचारलं.

"तू दिलेली हायेस, छबू. दिलेली लेक त्यात धरत न्हाईत."

"हे गोऱ्या सायबानं सांगितलं का तुमीच ठरवलं?"

"भाऊसाहेब म्हनले."

भाऊसाहेब म्हंजी आमच्या वाडीचा तलाठी. मी तव्यावरची भाकरी अशी उलटली, की निम्मी चुलीत पडली.

जायाची घाई त्यांना का हुती, ते मला कळत न्हवतं असं न्हाई. जावयाच्या घरचं जेवायची त्यांना घासाघासाला लाज वाटायची. माझा मालक सहादेव, गरीब गाय. दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडून येतो, पन सासऱ्याला कवा वावगा सबूद बोलला न्हाई. तरी आबा अर्धी भाकरी खायाचे अन् पोट भरलं म्हनून ढेकर काढायचे, खोटा खोटा. लेकीच्या दारात मरन येऊ नये, येवढंच त्यांच्या मनात. बरं, जावं की मग! पन मी न्हाईच म्हनून जायाचं?

अन् मग त्या दाखल्यासाठीची ती दवंडी आली. कोतवाल कानिफ हलगी बडवत वरडत हुता, "ऐका हो ऐका! कंपाउंडर आबांना हितं संबाळनारं कोन बी न्हाई! कुनाची हरकत असंल तर तिसऱ्या पारी चावडीवर यावं!" माझ्या दाराशी आला अन् मी दिसले तशी त्याची जीभच अडखळली. मुडद्यानं मान खाली घातली अन् नुसती हलगी बडवत पुढं गेला. समोरची कडूबाई दारात येऊन माझ्या तोंडाकडं बघाया लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चावडीवर मी भांडायलाच गेले हुते, पदर खोचून. आबांना लेक हाय अन् ती जिती हाय, असं चारचौघांत ठनकावून सांगनार हुते.

भाऊसाहेबांनी आबांना इचारलं, "सध्या जेवता कुठं? हे लिहावं लागतं."

आबांनी मला पाहिलं न्हवतं. खाली बघत म्हनाले, "हातानं करून खातो."

कुनीतरी खाकरलं. आबांना चूलसुद्धा पेटवता येत न्हाई, हे साऱ्या वाडीला ठावं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. खोटं ते बोलले अन् चोर मी ठरले. भुई दुभंगावी अन् आत जावं, असं झालं मला. भांडन कुठलं, खोचलेला पदर सोडून मी डोईवर वढला.

"लिहिलंय ते खरं, अशी पंच म्हणून सही कोण करतंय?" भाऊसाहेब म्हनाले.

कोन पुढं येईना. आबा एकलेच हुभे, हातातली टोपी चुरगाळत. तशी माझ्या डोक्यात आगच गेली.

"आना हिकडं," मी म्हनले. "मी करते."

"तुमचं नातं?"

"कायबी न्हाई. शेजारीन हाय मी."

भाऊसाहेबांना सारं ठाऊक, तरी त्यांनी दौत म्होरं सरकवली.

"छबू..." आबा म्हनाले. येवढंच. मी त्यांच्याकडं न बघता सही केली अन् तडक घरी आले.

आबा दिवेलागनीला आले. हातपाय धुतले, अन् सरळ चुलीम्होरं बसून परात वढली. रेशनची तांबडी मिलो जवारी ती, माझ्या हातानं बी धड थापत न्हाई, त्यांच्या हातानं काय थापनार? येक मोडली, दुसरी मोडली. धुरानं खोकून खोकून जीव चालला. मी भिताडाला टेकून बसले हुते. करू देत, म्हनलं. चावडीवर सांगून आलेत न्हवं?

तेवढ्यात सहादेव आला अन् दारातच थबकला. "अगं, म्हाताऱ्या मानसाला चुलीशी बसवलंस? जनाची न्हाई तर मनाची तरी धर!"

"तिला काय बोलू नका, जावईबापू," आबा म्हनाले. "माझा मीच बसलोय."

मग मात्र मला ऱ्हावलं न्हाई. माझीच मला इतकी लाज वाटली, की उठून त्यांच्या हातातली परात धरली. "सरका, आबा. झालं गेलं. जावा तुमी गहिनीकडं, माझी हरकत न्हाई. पन आता जेवा."

त्यांनी परात सोडली न्हाई.

"नगं, छबू," ते म्हनाले. "त्या कागदावर तुझी सही हाय. ती तरी खोटी पडाया नगं."

अन् मोडलेल्या भाकरीचं पीठ गोळा करून पुन्ना मळाया लागले.