शेपटीसकट

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसालाच दिसत नाही, यापेक्षा मोठी गंमत कुठली? दर रविवारी खाडीवर पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींना ही गंमत दोन वर्षं पुरली.

झालं होतं असं. एका वादळानंतर चष्मेवाल्याला धक्क्यावरून एक पांढराशुभ्र पक्षी दिसला. चोच लालभडक, शेपटीतून दोन लांबच लांब पिसं निघालेली. ट्रॉपिकबर्ड! आयुष्यभर समुद्रावरच राहणारा हा पक्षी शहराच्या किनाऱ्यावर आजवर कुणी पाहिला नव्हता. धापा टाकत चष्मेवाला मंडळींकडे पळाला. मंडळींची म्होरकी होती दातांची डॉक्टर. तिने मान डोलावल्याशिवाय शहरात कुठल्याच दुर्मीळ पक्ष्याची नोंद होत नसे.

"फोटो?" तिने विचारलं.

"कॅमेरा काढेपर्यंत गेला हो."

"मग शेपटीसकट फोटो आणा, तेव्हा बोलू. तोवर स्वतःचा नंबर तपासून घ्या."

सगळे खो खो हसले, आणि त्याचं नावच 'नंबर' पडलं. कावळा उडाला तरी कुणीतरी ओरडायचं, "नंबर, तो बघा तुमचा ट्रॉपिकबर्ड!" चष्मेवालाही हसायचा, न हसून सांगतो कुणाला? पण जिव्हारी लागलं ते बायकोचं बोलणं. ती मुळातच थट्टेखोर. एकदा सगळे डबे सोडून बसलेले असताना ती म्हणाली, "लग्नाला होकार दिला तेव्हाही यांनी चष्मा लावला नव्हता!" मंडळी लोळायची तेवढी बाकी राहिली. डॉक्टरीणबाईंना तर ठसका लागला. चष्मेवाल्याने हातातला घास तसाच डब्यात ठेवला.

दोन वर्षांनी आलेल्या वादळात दुकानाची पाटी उडाली. ती शोधायची सोडून तो भल्या सकाळी बायकोला घेऊन बर्फाच्या कारखान्यामागच्या धक्क्यावर गेला. तिथे प्लास्टिकच्या रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला तो पक्षी बसला होता. तोच. वाऱ्याने इथवर आणून टाकलेला, चोच उघडी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. या पक्ष्याला जमिनीवर धड उभंही राहता येत नाही. तो नुसता पोटावर सरकला.

"अगं बाई, किती दमलाय!" बायकोने ओढणी सोडली. "खोक्यात ठेवू या. पक्ष्यांच्या दवाखान्याला फोन करा."

चष्मेवाल्याने चार फोटो काढले आणि मान हलवली. "बसलेला उपयोगाचा नाही. म्हणतील, कुणीतरी पाळलेला आणून ठेवला. उडताना हवा. तू त्याला वर सोड."

"अहो, त्याच्यात जीव कुठंय?"

"दोन वर्षं माझी टर उडवलीत तुम्ही सगळ्यांनी. तूसुद्धा. तेव्हा नाही आठवलं कुणात किती जीव आहे ते?"

बायकोने पक्षी उचलला. तो तिच्या अंगठ्याला चावला, पण तेही नावालाच. तिने त्याला हवेत सोडलं. तो दगडासारखा खाली आला.

"सोडू नकोस, फेक!"

दुसऱ्यांदा त्याने पंख उघडले आणि जेमतेम क्रेटांपलीकडे जाऊन पडला. कॅमेऱ्यात आलं नुसतं धुरकट पांढरं. बायको म्हणाली, "पुरे आता." चष्मेवाला गुडघ्यांवर बसला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "एकदाच. शेवटचं."

तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून, अंगातलं सगळं बळ लावून फेकला. पंख पुरते उघडले, दोन्ही पिसं आभाळावर लहरली. कॅमेरा कटकटकट वाजत राहिला. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि पक्षी धक्क्याच्या लोखंडी खांबावर आपटला.

"आली! दोन्ही पिसं आली!" चष्मेवाला कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर न काढता ओरडला.

बायकोने पक्षी ओढणीत गुंडाळला. एक पंख लोंबत होता. गाडीत बसल्यावर तिने दवाखान्याचा रस्ता सांगितला, पण त्याने गाडी घराकडे वळवली.

"तिथे विचारतील, पंख कसा मोडला. डॉक्टरीणबाईंची तिथे रोज ये-जा आहे. बभ्रा होईल."

"मग काय करायचं याचं?"

"पाणी पाज. सावरेल."

पक्षी सावरला नाही. कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, खोक्यात, दुपारभर त्याची चोच उघडझाप करत राहिली. बायको शेजारी फरशीवर बसून होती. आतल्या खोलीत चष्मेवाला फोटोतलं आभाळ जरा निळं करत होता. संध्याकाळी खोक्यातला आवाज थांबला, तेव्हा पाठवलेल्या फोटोवर मंडळींकडून अभिनंदनाचे निरोप यायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झाल्याचं निमित्त होतं.

"मूळ फोटो दाखवा. न कापलेला."

चष्मेवाल्याला दाखवावा लागला. तिने फोटो मोठा केला, खालच्या कोपऱ्यापाशी थांबली. तिथे चार बोटं होती, पाचवा अंगठा, त्यावर चोचीची ताजी खूण.

"वहिनींचा हात का?"

बाईने काउंटरपलीकडे पाहिलं. बायको फडक्याने काचा पुसत होती. अंगठ्याला पट्टी होती.

"हा फोटो पुसून टाका," बाई हळूच म्हणाली. "शहरातली पहिली नोंद आहे, उगाच डाग नको. आणि असं करू, त्या सकाळी मीही धक्क्यावर होते. साक्षीदार असला की कुणी शंका घेत नाही. माझं नाव आधी घाला."

दोन वर्षं ज्याच्यासाठी झुरला त्यातलं अर्धं असं हातचं गेलं. तरी चष्मेवाल्याने मान डोलावली आणि बाईच्या चष्म्याचा स्क्रू आवळून दिला. निघताना ती त्याला पहिल्यांदाच 'साहेब' म्हणाली.

पुढच्या रविवारी खाडीवर चहा झाला, टाळ्या झाल्या. बाईने आपण दोघांनी पक्षी कसा पाहिला ते रंगवून सांगितलं, आणि चष्मेवाल्याने जिथे तिथे 'हो, हो' भरलं. कुणीतरी बायकोला विचारलं, "वहिनी, तुम्ही नव्हता का तिथे?"

"होते की," बायको म्हणाली. "मीच तर फेकला. तीनदा. तिसऱ्यांदा मेला."

एकाला हसू फुटलं, आणि हां हां म्हणता सगळी मंडळी हसत सुटली. "वहिनी म्हणजे ना!" कुणीतरी डोळे पुसत म्हणालं. बायको हसली नाही. डॉक्टरीणबाईने चहाचा कप तोंडाला लावला. आणि चष्मेवाला हसला. पोट धरून, सगळ्यांपेक्षा जोरात.